समज तालमीत, कार्ड मैदानात

शिवाजी पेठ, कोल्हापूर
मंगळवार, १८ मार्च २०२५

ती. आण्णांना अनुजाचा नमस्कार.

तुमच्या-आमच्या घरांत एकच भिंत. तुम्ही पलीकडे खोकलात तरी मला इकडे कळतं, आणि तरी मी तुम्हाला पत्र लिहायला बसले आहे, याचं माझं मलाच हसू येतंय. पण करू काय? फोन तुम्ही उचलत नाही. दारात आले की टीव्हीचा आवाज वाढवता. जे सांगायचं ते मोठी आईच्या तोंडून सांगून पाठवता. ती बिचारी पदराला हात पुसत येते, निम्मा निरोप जिन्यात विसरते आणि उरलेला सांगताना रडते. स्वतःच्या नवऱ्याचे आणि पुतणीचे निरोप इकडून तिकडे नेण्यात तिचा जीव जायला लागलाय. तिचे हेलपाटे वाचावेत म्हणून कागद घेतला.

आमच्याकडे सगळं ठीक आहे. आईचा गुडघा बरा आहे, तुम्ही आणून दिलेलं तेल ती लावते. पप्पा गगनबावड्याहून रविवारच्या सेमीफायनलला आले होते, सोमवारी पहाटेच्या गाडीने परत शाळेवर गेले. जाताना मी त्यांना विचारलं, तुम्ही तरी आण्णांशी बोलता का? तर म्हणाले, "दादाच्या नि तुझ्या मधी मला घालू नगंस बाई. मी काय रेफ्री न्हाय." तुमचा भाऊ आहे, दुसरं काय बोलणार.

उद्या रंगपंचमी. पोरांनी आत्तापासून चौकात पाण्याची पिंपं मांडून ठेवली आहेत. दरवर्षी माझ्या कपाळाला पहिला रंग तुम्ही लावता. उद्या लावाल की नाही मला माहीत नाही, पण जुना ड्रेस मी काढून ठेवला आहे.

आता मुद्द्याचं.

मोठी आईने तुमचा निरोप सांगितला तो असा: "अनूला म्हणावं, रिपोर्टात राजवीरचं कार्ड लिवू नगंस. तोंडी समज दिली, एवढंच लिव. कागदावर आलं तरच कार्ड असतंय." स्पर्धेच्या सेक्रेटरींचाही फोन आला होता. "मॅडम, घाई न्हाय, बुधवारी संध्याकाळी द्या अहवाल. तुम्ही लिहाल तेच आम्ही धरणार." मुदत मी मागितली नव्हती. ती कुणी मागून घेतली तेही मला कळतं.

तुमचा हिशोब मला समजतो, आण्णा. क्वार्टर फायनलला राजवीरला एक पिवळं कार्ड मिळालं होतं. रविवारचं माझं धरलं तर दोन, आणि दोन झाली की पुढचा सामना बाहेर. पुढचा सामना म्हणजे फायनल. आपल्या तालमीच्या फुटबॉल टीमने फायनल बघून किती वर्षं झाली हे पेठेतलं शेंबडं पोर पण सांगेल. तुम्ही टीमचे कोच, राजवीर तुमचा मुलगा आणि आपला एकमेव स्ट्रायकर, आणि हा हंगाम झाला की तुम्ही कोचिंग सोडणार. हे सगळं मला पाठ आहे. ते विसरून मी लिहीत नाही.

पण रविवारी शिट्टी माझ्या गळ्यात कुणी घातली तेही आठवा की. नेमलेल्या पंचांचा पाय आदल्या दिवशी मुरगळला. दुसरं कुणी मोकळं नव्हतं. मीटिंगमध्ये समोरच्या टीमचे, मंगळवार पेठेचे लोक कुरकुरले, पोरगी शिवाजी पेठेची, शिट्टी पण तिकडेच वाजणार. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी स्वतःच नको म्हणणार होते. तेवढ्यात तुम्ही उठलात आणि टेबलावर हात आपटलात. "पोरगी आमची हाय. पण तिची शिट्टी कुणाची न्हाय. लिवून देतो." मग त्यांनीही मान्य केलं. आण्णा, पुण्याहून रेफ्रीची परीक्षा पास होऊन आले, तेव्हा पण मला एवढं भरून आलं नव्हतं. मी खाली बघून बुटाची लेस बांधत बसले, लेस सुटलेली नसताना.

मग आज लिहून द्यायची वेळ माझी आली तर तुम्ही टीव्हीचा आवाज का वाढवता?

पेठेत काय बोलतात ते माझ्या कानावर येतं. चहाच्या टपरीवर, दूध कट्ट्यावर, सगळीकडे तेच. "आधी कानात समज दिली, मग कार्ड काढलं. एका फाऊलला दोन शिक्षा कशा?" तुमचंही म्हणणं तेच आहे असं मोठी आई सांगते. आणि वर तुम्ही म्हणता की, विषय तर तालमीत त्याच संध्याकाळी मिटला.

मिटला, तो कसा मिटला ते मी पाहिलं आहे. संध्याकाळी तुम्ही मंगळवार पेठेच्या लोकांना बोलावून घेतलंत. ज्याच्या घोट्यावर राजवीरचा बूट बसला तो कृष्णात लंगडत आला. मारुतीसमोर नारळ फोडला. तुम्ही राजवीरला सगळ्यांदेखत खाली बसवलंत आणि आवाज न चढवता समजावलंत. त्याने कृष्णातचे पाय धरले, कृष्णातने त्याला उठवून मिठी मारली. पेढे वाटले. नंतर कृष्णातला तुम्ही स्वतः गाडीवर बसवून घरी सोडलंत, आणि सकाळी शिरोलीला कामावर कसा जाणार म्हणून त्याच्या मुकादमाला फोन पण लावलात. हे फार चांगलं केलंत. आपल्या पेठेत भांडण पोलिसांत जात नाही, तालमीत मिटतं, याचा मला लहानपणापासून अभिमान आहे.

हे सगळं मी दारातून पाहिलं. बाहेर गाड्या लावतात तिथून. त्याबद्दल पुढे लिहिते.

आधी थोडं वेगळं सांगते. पुण्याच्या कोर्सला आम्हाला केरळचे एक सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर इंग्रजी शब्द लिहिले. वॉर्न, कॉशन, ॲडमॉनिश, रिप्रूव्ह, रिप्रिमांड. म्हणाले, यांतला फरक ज्याला कळत नाही त्याने शिट्टी हातात घेऊ नये. आम्ही कोल्हापूरची पोरं एकमेकांकडे बघायला लागलो. आपल्याकडे या सगळ्याला एकच, 'दम दिला'. मी उभी राहून तसं सांगितलं तर सर हसले आणि म्हणाले, मग तुझ्या घरातली माणसं डोळ्यांसमोर आण आणि सांग.

मग मला पटापट सुचायला लागलं. अजून काही घडलेलं नाही, पण घडेल म्हणून सांगायचं, ते वॉर्न. मोठी आई अंगणातून ओरडते ना, "अनू, दूध उतू जाईल गं," ते. घडून गेल्यावर वरच्याने चारचौघांत, खुर्चीवरून सुनवायचं ते रिप्रिमांड. मी नोकरी करते त्या फौंड्रीत कास्टिंगला चीर निघाली की मॅनेजर ते उभ्या उभ्या देतात. ॲडमॉनिश म्हणजे झालेलं दाखवून पुढचं बजावायचं, पण शांतपणे. आणि रिप्रूव्ह म्हणजे माणसाला त्याची चूक दाखवायची, पण तो आपला आहे म्हणून, दुखवायचं म्हणून नाही. कॉशन शब्द बाहेर मऊ आहे, सांभाळून जा म्हणण्यासारखा. मैदानावर तो मऊ नाही. तिथे कॉशन म्हणजे पिवळं कार्ड आणि नावाची नोंद. ती पुसता येत नाही.

तर रविवारी राजवीरने कृष्णातला पाडलं. फाऊल होता, पण कार्डाइतका नव्हता. बॉल खेळायला गेला आणि उशीर झाला. मी त्याला बाजूला घेतलं आणि हळूच म्हटलं, "राजवीर, बूट खाली ठेव. पुढच्या वेळी बोलणार नाही." हे ॲडमॉनिश. तुम्ही संध्याकाळी तालमीत त्याला जे केलंत ते रिप्रूव्ह, आणि तेही बरोबर. कृष्णातच्या घोट्याचा हिशोब तिथे पूर्ण झाला. त्यावर मी एक अक्षर वाढवणार नाही.

कार्ड घोट्यासाठी नव्हतंच, आण्णा.

एवढं वाक्य लिहायला मला दोन पानं लागली. मघाशी उठून पाणी पिऊन आले, विनाकारण कपाट आवरलं. रविवारपासून मी हे कुणालाच सांगितलेलं नाही. आईने विचारलं, पप्पांनी विचारलं, मी "जाऊ दे" म्हणाले. पेठेतल्या लोकांना लांबून नीट दिसलं नसेल. पण तुम्ही बेंचवर होता. तुम्हाला दिसलं.

मी बोलून झाल्यावर राजवीरने माझा गाल धरला. लहान पोरीचा धरतात तसा, दोन बोटांत. आणि मोठ्याने म्हणाला, "बास की ताई, किती नाटकं करालीस. जा, घरला जाऊन भाकऱ्या थाप जा." जवळची पोरं हसली. मग स्टँडमधल्या पुढच्या रांगा हसल्या. मग मी बेंचकडे बघितलं. का बघितलं? मला वाटलं, आता तुम्ही उठाल. तुम्ही उठून एक आवाज दिला असतात तर सगळं स्टेडियम गप्प झालं असतं. मला माहीत आहे तो आवाज.

तुम्ही मांडीवर थाप मारून हसत होता.

तुमच्याकडे बघून राजवीरला चेव आला. त्याने स्टँडकडे तोंड करून दोन्ही हात जोडले, नाटकातल्यासारखे. मग सगळेच हसले. एवढ्या माणसांत उभी असलेली मी एकटी, काळ्या कपड्यांत, गालाला त्याच्या बोटांचा घाम लागलेला. तेव्हा मी खिशात हात घातला. पिवळं कार्ड काढून त्याच्यासमोर धरलं. कुणी म्हणत असेल की पोरगी चिडली आणि रागात कार्ड काढलं, तर त्याला सांगा की नाही. पंचाचा अपमान केला म्हणून कॉशन, हे नियमात लिहिलेलं आहे. राजवीरच्या जागी मंगळवार पेठेचा कुणी असता आणि त्याने माझा गाल धरला असता, तर तुम्ही मैदानात घुसला असता. पिवळं काय, लाल कार्ड मागितलं असतं तुम्ही माझ्याकडे. कबूल करा.

"भावानं भनीची जरा चेष्टा केली, त्यात काय?" हे पण मोठी आईच्या तोंडून आलेलं तुमचं वाक्य. चेष्टा घरी चालते. घरी तो मला चिडवतो, मी त्याच्या पाठीत धपाटा घालते, हिशोब तिथल्या तिथे मिटतो. मैदानात मी त्याची बहीण नव्हते. ते तुम्हीच टेबलावर हात आपटून सांगितलं होतंत.

आता त्या दाराबद्दल. संध्याकाळी मारुतीसमोर सगळ्यांना बोलावलंत. कृष्णातला, त्याच्या कोचला, लाइनमनना पण. मला बोलावलं नाहीत, कारण आपल्या तालमीत बाया आत येत नाहीत. ती पद्धत आहे आणि मी कधी मोडली नाही. बाहेर गाड्यांपाशी उभी राहिले. आत राजवीरने ज्याला ज्याला दुखवलं त्याची माफी मागितली. एक माणूस राहिला. तो माणूस दारात उभा होता आणि त्याच्या हातात, बाहेरच्या बायकांना पेढे वाटणाऱ्या शेजारच्या मोना वहिनीने पेढा आणून ठेवला. सगळं इतक्या चांगल्या मनाने चाललं होतं की कुणाच्या लक्षात पण आलं नाही. तो पेढा मी खाल्ला नाही. घरी येऊन आईला दिला.

म्हणून 'समज दिली, विषय संपला' हे मला मान्य नाही. ज्या विषयाची समज द्यायची होती तो आत गेलाच नव्हता.

काल संध्याकाळी राजवीर आला होता, हे तुम्हाला माहीत नसेल. चार्जर मागायला आला. त्याचा चार्जर त्याच्या खिशातून लोंबत होता. दाराला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, लिव तू. कार्ड बरोबर हुतं." मी म्हटलं, फायनल जाईल. म्हणाला, "जाऊ दे की. गालाला हात लावला तवाच मला कळलं हुतं, चुकलं म्हणून. तितंच सॉरी म्हणणार हुतो. पर आण्णा हसलं, मग मी बी चेकाळलो." एवढं बोलून चार्जर न घेताच गेला. रडत होता का ते मी पाहिलं नाही. मला पाहायचं नव्हतं.

मी त्याला ओरडले नाही. त्याचं त्याला कळलं आहे. आता राहिलात तुम्ही.

बेंचवरच्या माणसालाही कार्ड दाखवता येतं, हे तुम्हाला ठाऊक आहे. पण हसणं हा नियमात गुन्हा नाही. मी रात्रभर नियम चाळले असं समजू नका, मला पाठ आहेत. तुमच्यासाठी माझ्याकडे पिवळं नाही, लाल नाही. रिपोर्टात तुमचं नाव येणार नाही. मग तुम्हाला मी त्या फळ्यावरचा कुठला शब्द देऊ? वॉर्न नाही, कारण जे व्हायचं ते होऊन गेलं. रिप्रिमांड नाही, मी तुमची साहेब नाही आणि होणारही नाही.

तुम्हाला आठवतं का बघा. राजवीर पहिली-दुसरीत असेल. समोरच्या टीमच्या गोलकीपरच्या दोन पायांमधून बॉल गेला आणि आपला सगळा स्टँड हसला. राजवीर तर लोळून हसला. तुम्ही त्याला मारलं नाही, ओरडलात पण नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आणि मला घेऊन त्या गोलकीपरच्या घरी गेलात. तो पायरीवर दात घासत बसला होता. तुम्ही त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारल्यात, चहा प्यालात आणि निघालात. वाटेत रंकाळ्यावर थांबून राजवीरला एवढंच म्हणालात, "पोरा, एकट्या माणसाला घोळक्यानं हसायचं न्हाय." मी शेजारी होते. त्याच्यापेक्षा ते वाक्य मीच जास्त लक्षात ठेवलं. पुण्यात सरांनी रिप्रूव्हचं उदाहरण मागितलं तेव्हा मी तेच सांगितलं, आणि सर म्हणाले, तुझ्या काकांना एकदा भेटायला पाहिजे.

अहवाल मी लिहिला आहे. राजवीरचं नाव, पिवळं कार्ड, आणि कारण, जसं घडलं तसं. भाकऱ्यांसकट. उद्या रंग खेळायच्या आधी सेक्रेटरींच्या हातात देते. पुढच्या हंगामात मला शिट्टी मिळेल की नाही कोण जाणे, पेठेत मला काय काय म्हणतील तेही कोण जाणे. म्हणू देत. फायनल आपण हरलो तर माझ्यामुळे हरलो म्हणतील, ते पण मी ऐकून घेईन, आणि दूध कट्ट्यावरून मान वर करूनच जाईन. मला मान खाली घालून चालायला कुणी शिकवलेलं नाही. तुम्ही तर नाहीच.

फायनलला मी स्टँडमध्ये बसणार आहे. राजवीरला सांगा, शेजारची जागा धरून ठेवते. दोघं मिळून तुमच्या टीमसाठी घसा फोडून ओरडू.

आणि तुमच्यासाठी तो एकच शब्द उरला, रिप्रूव्ह, म्हणजे आपली समज. आपल्या तालमीत लहानांनी मोठ्यांना समज द्यायची पद्धत नाही. बाईने तर नाहीच. पण मी तालमीच्या बाहेर उभी आहे, त्यामुळे तिथली पद्धत मला लागू नाही. म्हणून इथूनच देते, तुम्ही रंकाळ्यावर दिली होतीत त्याच आवाजात:

एकट्या माणसाला घोळक्याने हसायचं नाही, आण्णा.

उद्या सकाळी जुना ड्रेस घालून दारात थांबते. रंग घेऊन आलात तर कपाळ पुढे करीन. नाही आलात तरी अहवाल जाईल.

पोरगी तुमचीच,
रविवारच्या सामन्याची पंच,
अनुजा